कार्ल ब्रशिअर : खोल पाण्यातील विद्यार्थी

काठावर उभे राहून पाहणाऱ्याला पाणबुड्याचे काम केवळ धाडसाचे वाटते. थंड, अंधाऱ्या पाण्यात उतरायचे, तळाशी गेलेली वस्तू शोधायची आणि ती वर आणायची, एवढेच त्याला दिसते. प्रत्यक्षात नुसत्या धाडसावर कोणी पाणबुड्या होत नाही. पाण्याचा दाब, श्वासातील हवा आणि पाण्याखाली घालवलेला वेळ यांचा हिशेब ज्याला येत नाही, त्याचा तेथे निभाव लागत नाही. अमेरिकेच्या नौदलातील विख्यात पाणबुडे कार्ल ब्रशिअर यांना धैर्य जन्मजातच लाभले होते. हिशेब मात्र त्यांना वयाच्या तिशीत, एका अपयशानंतर शिकावा लागला. जेमतेम सातवीपर्यंत शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा आपल्या क्षेत्रातील सर्वोच्च पदापर्यंत कसा पोहोचला, याची ही कथा आहे.

कार्ल मॅक्सी ब्रशिअर यांचा जन्म १९ जानेवारी १९३१ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात टोनीव्हिल या खेड्यात झाला. त्यांचे आईवडील कृष्णवर्णीय होते. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून ते मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत असत. १९३५ मध्ये हे कुटुंब सोनोरा या गावाजवळच्या शेतावर राहावयास गेले. त्या काळी केंटकीमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. काळ्या मुलांच्या वाट्याला अपुऱ्या इमारती, अपुरे शिक्षक आणि अपुरी पुस्तके येत. त्यातच शेतीच्या कामाला हातभार लावणे भाग असे. कार्लचे शिक्षण अशा परिस्थितीत जेवढे होणे शक्य होते तेवढेच झाले. हायस्कूलचे तोंड त्याला पाहता आले नाही. मात्र वडिलांबरोबर शेतात राबताना त्याला दोन गोष्टी मिळाल्या : कणखर शरीर आणि हाती घेतलेले काम अर्धवट न सोडण्याची सवय.

वयाच्या सतराव्या वर्षी, २५ फेब्रुवारी १९४८ रोजी, कार्ल ब्रशिअर नौदलात भरती झाले. त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यातही वर्णभेद पाळला जात होता. नौदलातील बहुतेक कृष्णवर्णीय तरुणांना अधिकाऱ्यांचे जेवण बनवणे, ते वाढणे, भांडी घासणे आणि खोल्यांची झाडलोट करणे हीच कामे दिली जात. ब्रशिअर यांचीही नेमणूक फ्लोरिडा राज्यातील की वेस्ट येथे अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात झाली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सैन्यदलांत वर्णावरून भेद करू नये, असा आदेश काढला. आदेश निघाला तरी माणसांची मने एका दिवसात बदलत नाहीत. ब्रशिअर यांनी भोजनगृहातून सुटका व्हावी म्हणून प्रयत्न सुरू केले. एका वरिष्ठ नौसैनिकाच्या मदतीने त्यांची बदली किनाऱ्यावर समुद्री विमाने पाण्यात उतरवण्याच्या आणि वर ओढण्याच्या कामावर झाली. जाड दोर, कप्प्या आणि साखळ्या हाताळण्याचे कसब त्यांनी येथे मिळवले. पुढे पाण्याखालच्या कामात हेच कसब त्यांच्या उपयोगी पडले.

नौदलातील याच सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या आयुष्याला दिशा देणारा एक प्रसंग घडला. जहाजावरून पाण्यात पडलेले एक विमान काढण्यासाठी एका पाणबुड्याला बोलावण्यात आले. तांब्याचे मोठे शिरस्त्राण आणि जाड पोशाख चढवून तो समुद्रात उतरला आणि थोड्या वेळाने काम फत्ते करून वर आला. हे दृश्य पाहताच आपणही पाणबुड्याच व्हायचे, असे ब्रशिअर यांनी मनाशी ठरवले. त्यांनी पाणबुड्यांच्या प्रशिक्षण शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा अर्ज केला. अनेक अर्जांनंतर अखेरीस त्यांना न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथील शाळेत प्रवेश मिळाला. या शाळेत पाण्याखाली काम करण्याचे आणि बुडालेली जहाजे वर काढण्याचे शिक्षण दिले जाई.

त्या काळी खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याचा संपूर्ण पोशाख अतिशय जड असे. तांब्याचे शिरस्त्राण, छातीवरची धातूची पट्टी, कमरेला शिशाचा पट्टा आणि पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट असा हा पोशाख होता. वरून नळीवाटे हवा सोडली जाई. पोशाखात हवा किती ठेवायची आणि किती बाहेर सोडायची, हे पाणबुड्याला स्वतः ठरवावे लागे. हवा कमी पडली तर दाबाने जीव घुसमटे, आणि जास्त झाली तर फुगलेला पोशाख माणसाला वेगाने वर फेकून देई. अशा पोशाखात, गढूळ पाण्यात, केवळ स्पर्शाने अवजारे ओळखून धातू कापणे आणि जोडणे विद्यार्थ्यांना शिकावे लागे.

ब्रशिअर यांना या अभ्यासाबरोबरच आणखी एका गोष्टीशी झुंजावे लागले. एका कृष्णवर्णीय माणसाने आपल्यासोबत शिकावे, हे तेथील काही जणांना सहन होत नव्हते. त्यांच्या बिछान्यावर निनावी चिठ्ठ्या ठेवल्या जाऊ लागल्या. पाण्यात बुडवून मारण्याच्या धमक्या त्यांत लिहिलेल्या असत. ज्या कामात पाण्याखालच्या माणसाचा प्राण वर उभ्या असलेल्या सोबत्यांच्या हाती असतो, त्या कामात अशा चिठ्ठीचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. शाळा सोडून द्यावी, असे एकदा त्यांच्याही मनात आले. एका अनुभवी सहकाऱ्याने त्यांना धीर दिला आणि ते थांबले. १९५४ मध्ये त्यांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला. या शाळेतून उत्तीर्ण होणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी मानले जातात. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवले.

आता ब्रशिअर यांच्या हाती खरे काम आले. एक मालवाहू तराफा मोडून बुडाला, तेव्हा त्यावरील दारूगोळ्याचे सुमारे १६,००० नग पाण्याखालून वर काढण्याच्या कामात ते होते. ऱ्होड आयलंड राज्यातील क्वॉन्सेट पॉइंट येथे असताना त्यांनी समुद्रात कोसळलेली विमाने वर काढली. काही वेळा त्यांना मृतदेहही शोधून काढावे लागत. अशा कामाला शरीरबळाइतकेच मनोबळही लागते. १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नौकेसोबत जाण्याचा मान त्यांना मिळाला आणि आयझेनहॉवर यांनी त्यांना आठवण म्हणून एक छोटा चाकू भेट दिला. १९५९ मध्ये ते चीफ या हुद्द्यावर पोहोचले.

याहून वर जायचे तर प्रथम श्रेणीचा पाणबुड्या होणे आवश्यक होते. त्यासाठी १९६० मध्ये ते वॉशिंग्टन येथील खोल पाण्यातील पाणबुड्यांच्या शाळेत दाखल झाले. येथे केवळ हातांचे कसब पुरेसे नव्हते. भौतिकशास्त्र, गणित आणि वैद्यकशास्त्र या विषयांचा अभ्यास करावा लागे, आणि त्याची कारणेही तशीच होती.

पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की माणसावरचा दाब साधारणपणे एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर जेवढा दाब असतो, त्याच्या चौपट दाब तीस मीटर खोलीवर असतो. दाब वाढला की हवा आकुंचन पावते आणि दाब कमी झाला की ती प्रसरण पावते. म्हणून दहा मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आल्यास दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटण्याचा धोका निर्माण होतो. याशिवाय दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर हाच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण एकदम उघडल्यावर जे घडते, तेच शरीरात घडते. सांध्यांत असह्य वेदना होतात, अंग लुळे पडू शकते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ मध्ये यावर उपाय सुचवणारी कोष्टके प्रसिद्ध केली. किती खोलीवर किती वेळ काढल्यास वर येताना कोठे आणि किती मिनिटे थांबावे, हे त्यांवरून ठरवता येऊ लागले. अधिक खोलीवर नायट्रोजनमुळे माणसाला गुंगीही येते. ती टाळण्यासाठी प्राणवायूत हेलियम मिसळून श्वासासाठी देतात. या मिश्रणाचे प्रमाण चुकले तर तेही जिवावर बेतते.

हे सारे सूत्रांच्या आणि अपूर्णांकांच्या भाषेत समजून घ्यायचे होते. पाण्याखाली ज्यांचा हात धरणारा क्वचितच सापडे, ते ब्रशिअर वर्गातील फळ्यासमोर मात्र अडखळले. जी शाळा लहानपणी मागे राहून गेली होती, तिची उणीव आता उघडी पडली. ते अनुत्तीर्ण झाले.

या वेळी त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. आपल्याला संधीच मिळाली नाही असे म्हणून, आणि त्यात असत्य काहीच नव्हते, आहे त्या श्रेणीवर समाधान मानायचे, हा एक मार्ग होता. राहून गेलेले शिक्षण पूर्ण करायचे, हा दुसरा. ब्रशिअर यांनी दुसरा मार्ग निवडला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, शिक्षण अर्धवट सुटलेल्या सैनिकांसाठी एक परीक्षा सुरू करण्यात आली होती. शाळेत न जाता, स्वतः अभ्यास करून ही परीक्षा देता येई आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यास हायस्कूल पूर्ण केल्याच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळे. ब्रशिअर यांनी ही परीक्षा दिली आणि ते प्रमाणपत्र मिळवले. पाणबुड्यांच्या शाळेतील गणित आणि भौतिकशास्त्र यांची तयारीही त्यांनी चालू ठेवली. नोकरी आणि संसार सांभाळून उरलेल्या वेळात ते पुस्तके घेऊन बसत.

१९६३ मध्ये ते पुन्हा त्याच शाळेत दाखल झाले. ज्या वर्गातून अपयश घेऊन बाहेर पडलो, त्याच वर्गात पुन्हा जाऊन बसणे सोपे नसते. १९६४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते प्रथम श्रेणीचे पाणबुडे झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे एक बॉम्बफेकी विमान हवेतच इंधन भरून घेताना दुसऱ्या विमानावर आदळले. त्या विमानात चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन बॉम्ब पालोमारेस या खेड्याजवळ जमिनीवर पडले आणि चौथा भूमध्य समुद्रात नाहीसा झाला. त्याचा शोध घेण्यासाठी नौदलाची अनेक जहाजे तेथे पाठवण्यात आली. ‘हॉइस्ट’ या जहाजावर ब्रशिअर होते. बॉम्ब सुमारे पाऊण किलोमीटर खोलीवर सापडला. ही खोली कोणत्याही पाणबुड्याच्या आवाक्याबाहेरची होती, त्यामुळे तो यंत्रांच्या साहाय्याने काढावा लागणार होता. मार्च महिन्यात या कामाची तयारी चालू असताना जहाजावर ओढीचा ताण येऊन दोराला बांधलेला एक लोखंडी नळ निखळला. धोका ध्यानात येताच ब्रशिअर यांनी जवळच्या नौसैनिकांना बाजूला ढकलले. तोच नळ त्यांच्या डाव्या पायावर आदळला आणि गुडघ्याखालचा भाग जवळजवळ तुटला. बॉम्ब ७ एप्रिल १९६६ रोजी वर काढण्यात आला. त्या वेळी ब्रशिअर रुग्णालयात होते.

स्पेन आणि जर्मनी येथील उपचारांनंतर त्यांना अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोर्ट्समथ येथील नौदल रुग्णालयात आणण्यात आले. जखम चिघळत होती. पाय वाचवायचा तर काही वर्षे उपचार घ्यावे लागले असते, आणि त्यानंतरही तो पूर्वीसारखा झाला नसता. ब्रशिअर यांनी शांतपणे विचार केला. दुबळ्या पायाने पाण्यात उतरता येणार नव्हते, मजबूत कृत्रिम पायाने कदाचित उतरता आले असते. त्यांनी डॉक्टरांना पाय कापून टाकण्यास सांगितले. गुडघ्याखालचा भाग काढण्यात आला आणि त्यांना कृत्रिम पाय बसवण्यात आला.

नियमानुसार अशा माणसाला सेवेतून निवृत्त केले जाई. ब्रशिअर यांना निवृत्ती नको होती. त्यांना पुन्हा पाणबुड्या म्हणूनच काम करायचे होते. एक पाय नसलेला माणूस हे काम करू शकतो, हे तोपर्यंत नौदलात कोणी दाखवून दिलेले नव्हते. त्यांनी वाद घालण्यापेक्षा पुरावा गोळा करण्याचे ठरवले. ओळखीच्या एका अधिकाऱ्याच्या साहाय्याने ते कृत्रिम पाय लावून पाण्यात उतरले. जड पोशाखात, हलक्या साधनांनिशी आणि पाठीवर हवेची टाकी लावून, म्हणजे स्कूबा पद्धतीने, अशा वेगवेगळ्या प्रकारे बुडी घेतानाची छायाचित्रे त्यांनी काढून घेतली. ही छायाचित्रे त्यांनी वरिष्ठांपुढे ठेवली.

वरिष्ठांनी त्यांची परीक्षा घेण्याचे मान्य केले. मार्च १९६७ पासून सुमारे वर्षभर त्यांना पाणबुड्यांच्या शाळेत देखरेखीखाली ठेवण्यात आले. ते रोज पाण्यात उतरत. रोज सकाळी इतरांबरोबर धावत आणि त्यांच्याकडून व्यायामही करून घेत. कधी कधी धावून परत आल्यावर कृत्रिम पायाच्या खोबणीत रक्त साचलेले असे. दवाखान्यात गेल्यास त्याची नोंद होईल आणि आपल्याला अपात्र ठरवले जाईल, हे ते जाणून होते. म्हणून बादलीभर गरम पाण्यात मीठ टाकून ते त्यात पायाचा उरलेला भाग बुडवून बसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत. त्यांचा हा मार्ग कोणी अनुसरावा असा नव्हता, पण इतरांना मिळणारी विश्रांती आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल, अशी त्यांची परिस्थिती होती. एप्रिल १९६८ मध्ये नौदलाने त्यांना पुन्हा पाणबुड्या म्हणून मान्यता दिली. पाय गमावल्यानंतर अशी मान्यता मिळवणारे ते नौदलातील पहिलेच.

यानंतर उरली होती ती शेवटची पायरी. मास्टर डायव्हर हे अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांचे सर्वोच्च पद होय. या पदावरील माणसाने स्वतः उत्तम बुडी घेणे पुरेसे नसते. कोणाला किती खोल पाठवायचे, किती वेळ ठेवायचे, वर कसे आणायचे, आणि काही बिघडले तर क्षणात काय करायचे, याची जबाबदारी त्याच्यावर असते. तरुण पाणबुड्यांना घडवणे हेही त्याचेच काम. १९७० मध्ये ब्रशिअर मास्टर डायव्हर झाले. हे पद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांची नोंद झाली. दहा वर्षांपूर्वी जी कोष्टके आणि सूत्रे त्यांना उमगत नव्हती, त्यांच्या आधारे आता ते इतरांच्या प्राणांची काळजी घेऊ लागले. १९७१ मध्ये त्यांना मास्टर चीफ हा हुद्दा मिळाला.

त्यांचे पुढचे आयुष्य संकटमुक्त होते असे नाही. सेवेच्या अखेरच्या काळात त्यांना मद्याचे व्यसन जडले. त्यांनी ते लपवून न ठेवता उपचार घेतले आणि त्यातून बाहेर पडले. पुढे आपल्या आठवणी सांगतानाही त्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली. १ एप्रिल १९७९ रोजी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. त्यानंतर १९९३ पर्यंत त्यांनी व्हर्जिनियातील नॉरफोक येथे सरकारी नोकरी केली. २००० मध्ये त्यांच्या जीवनावर ‘मेन ऑफ ऑनर’ हा चित्रपट निघाला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. चित्रपटात शेवटी न्यायालयासारखा एक भव्य प्रसंग दाखवला आहे. प्रत्यक्षातील परीक्षा अशी एका दिवसात, टाळ्यांच्या गजरात झालेली नव्हती. ती वर्षभर, रोज सकाळी, कोणाच्या लक्षात न येता चालली होती.

२५ जुलै २००६ रोजी पोर्ट्समथ येथील नौदलाच्या रुग्णालयात, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, कार्ल ब्रशिअर यांचे निधन झाले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आपला पाय गमावला होता तोही पोर्ट्समथच्या नौदल रुग्णालयातच. २००८ मध्ये नौदलाचे एक नवे मालवाहू जहाज पाण्यात सोडण्यात आले आणि त्याला ‘कार्ल ब्रशिअर’ हे नाव देण्यात आले. भर समुद्रात असलेल्या इतर जहाजांना अन्नधान्य आणि आवश्यक सामग्री पोहोचवण्यासाठी ते बांधलेले आहे. नौदलात ज्यांचे पहिले काम अधिकाऱ्यांना जेवण वाढण्याचे होते आणि त्यापलीकडे ज्यांनी जाऊ नये अशी व्यवस्था होती, त्यांचेच नाव त्या जहाजावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.